ते कागदाचं झालं

जुलैतल्या एका रविवारी दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी हातात एक मळकट रुमाल घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. नारायण पेठेतला त्यांच्या सासरचा वाडा बिल्डरकडे जाणार होता, माळ्यावरच्या सामानाची वाटणी चालू होती आणि एका जुन्या पेटीच्या तळाशी हा रुमाल सापडला होता. "तुम्ही इतिहासाचे सर ना, म्हणून म्हटलं आधी तुम्हालाच दाखवावं," असे म्हणत त्यांनी गाठ सोडली आणि आतला कागद आमच्या जेवणाच्या टेबलावर, आमटीचा डाग चुकवून, अलगद पसरला. एकच कागद होता. उंच, अरुंद, घड्यांवर विरत चाललेला, वरचा उजवा कोपरा कसरीने खाल्लेला. त्यावर मोडी होती. आधी काठापासून काठापर्यंत रेघा ओढून मग त्यांना अक्षरे लटकवत नेलेली, कुठे शब्द संपतो आणि कुठे सुरू होतो याचा पत्ता लागू न देणारी, बोरूच्या एका दमात लिहिलेली. मी चष्मा लावला, कागद जवळ नेला, दूर नेला. वरचे 'श्री' मला वाचता आले. त्यापुढे एक अक्षरही नाही.

वहिनी उभ्याच होत्या. काहीतरी बोलणे भाग होते म्हणून मी कागद खिडकीशी नेऊन उजेडात धरला, आणि तेथे मला माझ्या ओळखीचे काहीतरी दिसले. कागदाच्या पोटात, शाईच्या मागे, पुसट उभ्या रेघा होत्या आणि त्यांच्यामध्ये काही रोमन अक्षरे व १८४२ हा आकडा होता. मी उत्साहाने सांगू लागलो, की हा कागद इंग्लंडमधला आहे, परदेशी पाठवायच्या कागदावर साल असेल तर करात सूट मिळेल असा कायदा तिकडे १७९४ साली झाला होता, त्यामुळे तिकडचे कारखानदार साच्यातच साल घालत, म्हणजे हा मजकूर काही १८४२ च्या आधीचा नव्हे. वहिनींनी ते सारे शांतपणे ऐकून घेतले.

"ते कागदाचं झालं, सर," त्या म्हणाल्या. "मजकुराचं काय?"

मला मोडी येत नाही हे मी त्यांना सांगितले. पंगत मांडून झाल्यावर आचाऱ्याला पुरण येत नाही असे कळावे आणि यजमानाचा चेहरा जसा होईल, तसा त्यांचा झाला. त्या सुसंस्कृत आहेत, काही बोलल्या नाहीत; फक्त जाताना जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून, खरोखर कुतूहलाने, त्यांनी विचारले, "मग तुम्ही इतिहासात नेमकं काय केलंत?" कागद त्यांनी माझ्याकडेच ठेवला. प्रश्नही.

मी तेहतीस वर्षे आधुनिक युरोपचा इतिहास शिकवला. हे वाक्य पुण्यात उच्चारणे किती अवघड आहे, हे दुसऱ्या गावच्या माणसाला कळायचे नाही. पुण्यात इतिहास ही घरगुती बाब आहे. येथे प्रत्येक चौथ्या घरात एक बखर, एक वंशावळ आणि एक तरी न मिळालेले इनाम असते; राजवाडे आणि मेहेंदळ्यांनी १९१० साली सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ काढले ते काही आकाशातून पडले नाही, तशी हवाच येथे होती. बँकेतून निवृत्त झालेला कोणताही गृहस्थ सकाळच्या फिरण्यात आपल्याला पानिपतावर तीन नव्या गोष्टी ऐकवतो, आणि त्यातल्या दोन तरी खऱ्या असतात. लग्नाच्या मांडवात 'हे इतिहासाचे प्राध्यापक' अशी ओळख करून दिली की समोरचा लगेच विचारतो, "शिवकाल की पेशवाई?" जणू इतिहासाच्या घराला दोनच खोल्या आहेत. मी "युरोप" म्हणालो की क्षणभर शांतता पसरते. मग तो सावरून म्हणतो, "अच्छा, म्हणजे हिटलर." आणि आम्ही दोघेही जिलबीकडे वळतो.

मी युरोपकडे का गेलो, याची दोन उत्तरे माझ्यापाशी आहेत. पहिले मी आयुष्यभर सांगत आलो. माझे गाव सातारा जिल्ह्यातले, कोरडवाहू. चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली होती, अजूनही आहे. आमच्या भागातल्या कित्येक गावांत तशी असते. त्यावर इंग्रजीत कोरलेले, की या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दर दिवाळीला चावडी पांढरी होताना चुन्याचा एखादा हात पाटीवरही फिरत असे, त्यामुळे दोन्ही आकडे बुजून गेले होते. नावे तर मुळात नव्हतीच. आजी तिला 'बसऱ्याचा दगड' म्हणे, कारण मराठा पलटणी बहुतेक मेसोपोटेमियात लढल्या आणि गावात त्या सबंध युद्धाचे नाव बसरा एवढेच उरले. सातवीत असताना मी खिळ्याने चुना खरवडून आकडे मोकळे करायचा प्रयत्न केला आणि कोतवालाचा मार खाल्ला. कुठल्याशा दूरच्या भांडणात आपल्या गावची माणसे का मेली, हे मला जाणून घ्यायचे होते, म्हणून मी युरोप शिकलो, असे ते उत्तर. ऐकायला चांगले वाटते. निरोप समारंभात, शाल खांद्यावर आणि नारळ हातात घेऊन, मी तेच सांगितले आणि टाळ्या मिळाल्या.

पुण्यात आलो तो बी.ए.साठी. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये संध्याकाळी फ्रेंचचे वर्ग चालत, तेथे नाव घातले. त्या दगडी इमारतीत, बाहेर बसचा धूर आणि भेळवाल्याची घंटा चालू असताना, आम्ही नाकातून स्वर काढायला शिकत असू. माझ्या अनुनासिकांना साताऱ्याचा वास येतो, असे बाई म्हणत. आम्हांला फ्रेंच राज्यक्रांती शिकवणारे सर स्वतः कधी मुंबईच्या पलीकडे गेलेले नव्हते, पण बास्तीयच्या तुरुंगावर जमाव चालून गेला तो रस्ता ते असा सांगत, की आपण लक्ष्मी रोडवरून सोन्या मारुती चौकाकडे निघालो आहोत असे वाटे. १४ जुलै १७८९ ला त्या तुरुंगात अवघे सात कैदी होते हे सांगताना त्यांना मोठी मौज वाटायची. इतिहास घडायला तुरुंग भरलेला असावा लागत नाही, असे म्हणून ते खडूचे हात झटकत.

पीएच.डी.च्या वेळी मार्गदर्शकांनी मला एक विषय सुचवला होता: इटलीचा क्रांतिकारक मॅझिनी आणि मराठी वाचक. साधने येथेच होती. केसरीचे अंक होते, सावरकरांनी मराठीत आणलेला मॅझिनी होता. १९०७ साली तो छापला गेला आणि सरकारने त्यावर बंदी घातली, तरी तरुणांनी त्याची प्रस्तावना तोंडपाठ केली. मी तो विषय नाकारला. मला अस्सल युरोप हवा होता, मराठी पाण्यात विरघळलेला नको होता. मी मेटरनिखचे पतन घेतले. मार्च १८४८ मध्ये व्हिएन्नात दंगल उसळली आणि चाळीस वर्षे युरोपची घडी बसवत बसलेला ऑस्ट्रियाचा हा म्हातारा चान्सेलर राजीनामा देऊन इंग्लंडला पळाला, त्या काही दिवसांवर मी पाच वर्षे घालवली. जयकर ग्रंथालयात, मुंबईच्या एशियाटिकमध्ये, छापील पत्रसंग्रहांवर, आठवणींवर, इतरांनी लिहिलेल्या पुस्तकांवर. व्हिएन्नातला एकही मूळ कागद मी पाहिला नाही. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंधाची काळी रेक्झिनची बांधणी कुरवाळत विचारले, "दफ्तरखान्यात गेला होतात का?" मी नाही म्हणालो. ते म्हणाले, "हरकत नाही, आपल्याकडे कोण जातं." त्या हरकत नसण्याने मला पदवी मिळाली, आणि पुढे तेच वाक्य अधूनमधून रात्री ऐकू येत राहिले.

शिकवण्याबद्दल मात्र मला लाज नाही. माझ्या वर्गात दौंड, जुन्नर, मुळशी, इंदापूरची मुले असत, बहुतेक मराठी माध्यमाची, आणि त्यांच्यासाठी युरोप म्हणजे अप्पा बळवंत चौकात मिळणारे गाईड. त्यात महायुद्धाची कारणे आठ आणि परिणाम दहा असत. फ्रान्स शिंकला की युरोपला सर्दी होते, हे मेटरनिखच्या नावावर खपणारे वाक्य तर प्रत्येक उत्तरपत्रिकेत यायचे; एका वर्षी एकाने सर्दीऐवजी पडसे लिहिले तेव्हा मला इतका आनंद झाला की मी त्याला एक गुण जास्त दिला. खरी अडचण नकाशाची होती. १८७१ च्या आधी जर्मनी नावाचा देश नव्हता, एकोणचाळीस राज्यांचा एक सैलसर संघ होता, हे सांगितले की मुले हसायची. मग मी फळ्यावर आपली संस्थाने लिहू लागलो. सांगली, जमखंडी, औंध, भोर, फलटण. मिरज थोरली पाती, मिरज धाकटी पाती. कुरुंदवाड थोरले, कुरुंदवाड धाकटे. हसणे थांबायचे. भोरची पोरगी मान ताठ करायची. प्रशियाने १८३४ साली जकातीचा संघ उभारला आणि त्यातून जर्मनीच्या एकीकरणाची वाट कशी मोकळी झाली, हे गाईडमध्ये दोन ओळींत असे. मी ते जकात नाक्यावर शिकवायचो. तेव्हा पुण्याच्या वेशीवर ट्रकांच्या रांगा लागत, चालक खाली उतरून पावत्या नाचवत, टेम्पोतल्या टोमॅटोचे पाणी रस्त्यावर गळे. असा नाका दर वीस मैलांवर आहे असे समजा, म्हणायचो, आणि मग एक दिवस तो उठला असे समजा. मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याचे वडील स्वतः ट्रक चालवत, म्हणाला, "सर, मग तर माणूस प्रशियालाच मत देणार." पुढे २०१३ साली पुण्यातली जकात गेली आणि माझे उत्तम उदाहरणही गेले. नंतरच्या वर्गांना हा भाग तितकासा कळला नाही.

साराजेवो मी नेहमी शेवटच्या तासाला घ्यायचो. २८ जून १९१४, सकाळी एक बॉम्ब फेकून झालेला, ऑस्ट्रियाचा युवराज, म्हणजे आर्चड्यूक, जखमींना भेटायला रुग्णालयात निघालेला, मार्ग बदलायचे ठरलेले, आणि तो बदल मोटारीच्या चालकाला कुणी सांगितलेलाच नाही. तो जुन्या मार्गाने उजवीकडे वळतो, त्याला ओरडून थांबवले जाते, गाडी थांबते, आणि तेथेच त्याला मारायला आलेला एकोणीस वर्षांचा गाव्रीलो प्रिन्सिप उभा असतो. वर्गात कुणीतरी हमखास विचारे, की चालकाला नीट सांगितले असते तर? मग आठ कारणांची यादी बाजूला पडे आणि खरा तास सुरू होई. युती, आरमार, बाल्कनचे राष्ट्रवाद हे सारे पेटायला तयार असताना एका वळणाला किती किंमत द्यायची, यावर घंटा झाल्यावरही मुले भांडत. कुणाच्या डोळ्यांत रक्त उतरत नसे. कुणी म्हणत नसे, की आमच्या प्रिन्सिपबद्दल असे बोलू नका.

येथे ते दुसरे उत्तर येते.

जानेवारी २००४ मध्ये शिवाजी महाराजांवरच्या एका पुस्तकाच्या वादातून भांडारकर संस्थेवर हल्ला झाला तेव्हा मी घरी दुसऱ्या सत्राचे पेपर तपासत होतो. फोनवर बातमी कळली, फोडलेली कपाटे आणि विखुरलेली पोथ्यांची पाने दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत पाहिली. सगळ्यांसारखा मीही हादरलो, निषेधाच्या पत्रकावर सही केली. पण त्या सगळ्यांच्या खाली, तळाशी, एक भावना होती जी मी तेव्हा पत्नीलाही सांगितली नाही. ती सुटकेची होती. बरे झाले, मी मेटरनिखवर लिहिले. त्याच्या वंशजांपैकी कुणी माझ्या तोंडाला काळे फासायला कोथरूडला येणार नाही. मी ज्या इतिहासात आयुष्य काढले त्यात माझ्या शेजाऱ्यांपैकी कुणाचेही आडनाव नव्हते, आणि म्हणून त्यात हवे ते प्रश्न विचारता येत होते. मुलांना पुरावा तपासायला शिकवायचे असेल तर असे मोकळे अंगण लागते, असे मी स्वतःला समजावत आलो होतो, आणि ते खोटेही नाही. पण अंगणात गेलो ते मुलांसाठी की घरातल्या भांडणाला भिऊन, हे त्या रात्री मला नक्की सांगता येईना. पुढे केव्हातरी वाचले, की प्रिन्सिप जेथे उभा होता तेथे युगोस्लाव्हियाच्या काळात त्याच्या पावलांचे ठसे फरसबंदीत बसवले होते, आणि १९९२ नंतरच्या युद्धात ते उखडले गेले. तेथे एकाला तो हुतात्मा, दुसऱ्याला मारेकरी. तेथेही कुणीतरी 'आमच्या प्रिन्सिपबद्दल' म्हणतच होते. माझे अंगण दुसऱ्या कुणाचे तरी घर होते.

युरोपात मी एकदाच गेलो, पन्नासाव्या वर्षी, सहा आठवड्यांच्या एका अनुदानावर, आणि तेही लंडनला. ब्रिटिश लायब्ररीत व्हिएन्नावरचे काही पाहावे असा बेत होता. पण दुसऱ्याच दिवशी कॅटलॉग चाळताना इंडिया ऑफिसच्या कागदांपाशी पोहोचलो आणि तेथून हललो नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांची पत्रे तपासायला बुलोन येथे एक कचेरी होती. तिचे टंकलिखित अहवाल, त्यांत पत्रांचे इंग्रजी उतारे. कागद पातळ, कडा तपकिरी, टंकयंत्राचा 'ओ' कागदाला भोक पाडणारा. आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या दोन कंपन्या फ्रान्समधल्या त्या आघाडीवर होत्या. २८ ऑक्टोबर १९१४ ला नव शापेल नावाच्या खेड्यावर त्यांना पायदळासारखे, शीख पलटणीच्या जोडीने, चढवले गेले; पूल बांधणारी, खंदक खणणारी ही माणसे संगिनी घेऊन घराघरांतून लढली, त्यांचे जवळजवळ सगळे गोरे अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले, आणि घेतलेले गाव हातून गेले. हे मी पुण्यात, खडकीपासून सात मैलांवर बसून, वीस वर्षे शिकवत होतो, आणि माझ्या नोट्समध्ये त्या लढाईला एक ओळही नव्हती. त्या उताऱ्यांमागची मूळ अक्षरे मला हवी होती. ती बहुतेक नाहीत. पत्रे गावी गेली, चुलीत गेली, पावसात गेली. उरला तो साहेबाने केलेला तर्जुमा. आणि तेथेच, त्या हिरव्या दिव्याखाली, मनात आले की मूळ पत्र हाती आले असते आणि ते मोडीत असते, तर मी काय केले असते?

नव शापेलला हिंदी शिपायांचे स्मारक आहे, १९२७ सालचे, त्यावर साडेचार हजारांहून अधिक नावे कोरलेली. मला तेथे जायचे होते. पण माझ्या पासपोर्टवर व्हिसा फक्त ब्रिटनचा होता. फ्रान्ससाठी वेगळा लागे, आणि तो काढायला वेळ व पैसा दोन्ही नव्हते. शेवटच्या शनिवारी मी आगगाडीने डोव्हरला गेलो. वारा इतका की टोपी हातात धरावी लागली. खडूच्या कड्यावर उभे राहिल्यावर पलीकडे, पाण्याच्या वर, एक फिकट पट्टी दिसत होती. बाजूच्या एका बाईंना मी विचारले, ते फ्रान्स का? त्या हो म्हणाल्या. बास्तीय, जुलै क्रांती, पॅरिस कम्यून, व्हर्सायचा तह हे सारे त्या पट्टीच्या मागे कुठेतरी होते. मी घरून नेलेली दशमी खाल्ली आणि संध्याकाळच्या गाडीने परत आलो.

त्या अहवालांवर मी एक लेख लिहिला, तो एका दिवाळी अंकात आला. वाचकांची चौदा पत्रे आली, त्यांतली दोन शिपायांच्या नातवंडांची. पदोन्नतीच्या अर्जात त्याला शून्य गुण मिळाले, कारण त्या दिवाळी अंकाला आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, नव्हता.

वहिनींचा कागद वाचायला मी शेवटी जिला फोन केला, तिच्याबद्दल सांगायला हवे. २०११ च्या सुमारास ती माझ्याकडे एम.फिल.साठी आली होती, करवीर तालुक्यातल्या एका गावची. तिला वळिवड्यावर काम करायचे होते. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून उचलून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकलेली, मग इराणमार्गे हिंदुस्थानात पोहोचलेली माणसे. त्यांत बायका आणि मुलेच फार. तिची आजी लहानपणी आपल्या आईबरोबर छावणीत दूध घालायला जायची. त्या बायका दुधात बोट बुडवून पाहायच्या, एवढे आजीला आठवत होते. आणि त्या गेल्यावर फाळणीनंतर आलेले सिंधी लोक त्याच बराकींत कसे उतरले, तेही, ज्याचे पुढे गांधीनगर झाले. आजी तेव्हा जिवंत होती. मी त्या मुलीला सांगितले, की हा युरोपचा इतिहास नाही, स्थानिक इतिहास आहे; स्थानिक इतिहासाच्या मार्गदर्शकांकडे जा. हे वाक्य मी अगदी प्रेमाने उच्चारले होते. ती तिकडे गेली, तिकडच्या मार्गदर्शकांनी सांगितले की हा आपला इतिहास नाही, युरोपचा आहे. मग तिने तो नाद सोडला, मोडीचे वर्ग केले, आणि आता ती तेच काम करते. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हापासून तर तिला श्वास घ्यायला फुरसत नाही.

ती आली, चहा नको म्हणाली, चप्पल दारात व्यवस्थित जोडून ठेवली आणि कागदावर भिंग न धरताच वाचू लागली. तिचे बोट ओळीखालून, कागदाला न टेकता, सरकत होते. ओठ हलत होते. मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, विद्यार्थ्याच्या खुर्चीत, बसलो होतो. इनामाची सनद नव्हती. कुणा सावकाराकडे गहाण ठेवलेल्या भांड्यांची याद होती: पराती दोन, तपेली लहानमोठी चार, समई एक, पळी-पंचपात्र, आणि शेवटी 'घंगाळ तांब्याचे १, कडी १'. मिती कोपऱ्याबरोबर कसरीने खाल्ली होती. मी पटकन म्हणालो, की कागद १८४२ नंतरचा आहे, पाणचिन्ह आहे, उजेडात धर म्हणजे दिसेल. तिने धरले, पाहिले, मान डोलावली. "हो सर. अक्षराच्या वळणावरून मलाही साधारण तेच वाटलं होतं," ती म्हणाली, आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून लगेच, "पण हे पक्कं झालं." जाताना मी तिला आजीबद्दल विचारले. आजी २०१४ साली गेली. काही लिहून घेतले होते का, असे मी विचारले नाही.

संध्याकाळी कागद आणि त्याचा बालबोधीतला उतारा घेऊन मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. वहिनींनी उतारा वाचला आणि त्यांची निराशा मला स्पष्ट दिसली; भांडी गहाण टाकल्याची हकिगत कुणी फ्रेम करून दिवाणखान्यात लावत नाही. मग शेवटच्या ओळीशी त्या थबकल्या. "घंगाळ? ते तर आहे आमच्याकडे," असे म्हणून त्यांनी मला गॅलरीत नेले. कोपऱ्यात, वाळत घातलेल्या पंच्याखाली, एक मोठे तांब्याचे घंगाळ होते, हिरवे-काळे पडलेले, काठोकाठ मातीने भरलेले, आणि त्यात जास्वंद लावलेली. तेहतीस वर्षांची सवय, तोंडातून निघून गेले, "तेच कशावरून?"

"सासूबाई सांगायच्या, हे सोडवून आणलेलं आहे म्हणून," वहिनी म्हणाल्या.

मी गुडघ्यावर हात टेकून वाकलो. आमच्या बाजूला एक कडी होती, जाड, पिळाची, नीट फिरणारी. दुसरी बाजू भिंतीला टेकलेली होती. मी घंगाळ हलवून पाहिले. ओल्या मातीसकट ते हलेना. भिंत आणि तांबे यांच्यामध्ये बोट घालायचा प्रयत्न केला, तर तेथे जास्वंदीची पाने आणि एक क्लिप अडकलेली होती. "राहू दे हो सर, पाठ धरेल," वहिनी म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.